छोटीच्या फाईलमधला लाल ठिपका

लॅबमध्ये मला फौजदार म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असा समज मी अजून तरी करून घेतलेला नाही. आमच्याकडे माणसांच्या रक्तातून वाचून काढलेल्या जनुकांच्या फाईली येतात. आत नुसती अक्षरं, चारच, पण कोट्यवधी वेळा. फाईल एका ऑनलाइन टूलमध्ये चढवायची. टूल ती नमुन्याच्या अक्षरांशी ताडून बघतं, फरक असेल तिथे ठिपका ठेवतं आणि ठिपक्यापुढे लिहितं की हा बदल कुठल्या जनुकात आहे आणि त्याचा अर्थ काय. हिरवा ठिपका म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे अर्थ माहीत नाही. लाल म्हणजे घातक. लाल दिसला की बाकीचे लोक अहवाल लिहायला घेतात. मी ठिपक्याची उलटतपासणी घेते. बाबा रे, तू लाल आहेस हे तुला कुणी सांगितलं?

माझ्या शेजारच्या टेबलावर होयबा बसतो. टूल जे म्हणेल त्याला तो हो म्हणतो, म्हणून होयबा. त्याचे अहवाल वेळेत जातात, माझे रखडतात, आणि मग बाई, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, मला केबिनमध्ये बोलावून विचारतात, "आता कुणावर संशय आहे?" एकदा मी म्हणाले, "सगळ्यांवर." त्यांनी चहा मागवला. तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

त्या दुपारी लॅबखालच्या कँटीनमध्ये माझी धाकटी बहीण येऊन बसली होती. घरात तिला सगळे छोटी म्हणतात. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, खांदे माझ्या दीडपट, एका शाळेच्या तलावावर ती मुलांना पोहायला शिकवते. पण नाव पडलं ते पडलं. कामाच्या दिवशी ती कधी या वेळेला मोकळी नसते, म्हणून तिला बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"ताई, माझं पाणी बंद झालं," ती म्हणाली.

शाळेत दरवर्षी तब्येतीची तपासणी असते. यंदा ईसीजीतलं एक अंतर जरा लांबलेलं वाटलं, म्हणून तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? छोटीने बेडक्याचं सांगितलं. मग जनुकांची तपासणी झाली आणि आता अहवाल आला होता. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या एका जनुकात लाल ठिपका. पोहताना ठोके बिघडू शकतात, माणूस पाण्यातच जाऊ शकतो. म्हणून येत्या आठवड्यात गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवायची. ठोके चुकले की ती आतून झटका देते. आणि पाण्यात पाय घालायचा नाही, पुन्हा कधीच.

"शिट्टी परत करून आले," छोटी म्हणाली. "ऑफिसात बसवतील म्हणे. पोरांची नावं लिहायला."

"कुठल्या लॅबचा अहवाल आहे?"

"झाली सुरू!"

"कुठल्या?"

तिने कागद माझ्याकडे सरकवला. लॅब चांगली होती. चांगल्या लॅबचा मला जास्त संशय येतो, कारण त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही.

बेडक्या म्हणजे आमचा मावसभाऊ, मोठ्या मावशीचा मुलगा. आम्हा दोघींना पाण्यात ढकलून पोहायला शिकवणारा तोच. छोटी शिकली, मी फक्त तरंगते. काही वर्षांपूर्वी, ऐन तिशीत, जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात तो बुडाला. पोहताना गेला, असं मावशीने सांगितलं आणि आम्ही सगळे तसंच म्हणत आलो. त्याच आठवड्यात मावशीचं आणि तिच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे आमच्या मामाचं, असं काही बिनसलं की मावशीने त्याला घराबाहेर काढलं. कारण दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. आमची आई होती तोवर निरोप इकडून तिकडे जायचे. आई गेली आणि तेही टपाल बंद पडलं.

"एक सांगू?" छोटी म्हणाली. "वाईट तर वाटलंच, पण थोडं बरंही वाटलं. इतका पट्टीचा पोहणारा बुडेल कसा, हे मला कधी पटलंच नव्हतं. निदान आता कळलं तरी."

हेच मला खटकलं. माणसाला मनातून हवं असलेलं उत्तर अहवालातून असं घडी घालून समोर आलं की मी सावध होते. मी तिला म्हटलं, त्या लॅबकडून कच्ची फाईल मागवून घे. अहवाल नको, अक्षरं हवीत.

फाईल आली तशी मी आधी बाईंकडे गेले.

"नियम काय आहे?" बाईंनी विचारलं.

"आपल्या माणसाच्या फाईलचा अहवाल आपण लिहायचा नाही."

"मग?"

"मी अहवाल लिहिणारच नाहीये. नुसता संशय घेणार आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यावर नियम नाही," त्या म्हणाल्या.

पहिला संशय रक्ताच्या नमुन्यावर. नळ्यांची अदलाबदल होते, कुणी कबूल करत नाही इतकंच. माझी स्वतःची फाईल आमच्या लॅबमध्ये टूल तपासून घ्यायला वापरतात. ती छोटीच्या फाईलशेजारी लावली. सख्ख्या बहिणी, शंकाच नाही. आईबाबांच्या संसारावरही त्या निमित्ताने शिक्कामोर्तब झालं. लाल ठिपका मात्र तिला होता, मला नव्हता. मी काही तो मागितला नव्हता. तरी मला चुकवून तो तिच्याकडे गेला, याचा मला भयंकर राग आला.

दुसरा संशय टूलवर. तीच फाईल आणखी दोन टूलमध्ये चढवली. दोन्हीकडे लाल.

होयबाने मान वळवली. "तीन टूल एकच गोष्ट सांगतायत. अजून काय पाहिजे तुला?"

"तिघं एका सुरात बोलायला लागले की आधी कुठे भेटले होते ते विचारायचं असतं."

आणि भेटले होतेच. तिन्ही टूल या बदलाचा अर्थ स्वतः लावत नव्हती, एकाच सार्वजनिक डेटाबेसमधून उचलत होती. पेपर तीन, बातमीदार एक. मग मी बातमीदाराचंच दार वाजवलं. त्या डेटाबेसमध्ये जगातल्या लॅब आपापल्या रुग्णांत सापडलेले बदल नोंदवतात, रुग्णाचं नाव-गाव न देता. छोटीच्या बदलाखाली तीन लॅबच्या नोंदी होत्या. सगळ्यात जुनी नोंद पिवळी होती. एक रुग्ण, कुटुंबात तरुण माणसाचा पाण्यात मृत्यू, अर्थ नक्की नाही. दुसऱ्या लॅबने लिहिलं होतं की आमच्याकडेही असा रुग्ण आहे, त्याच्याही कुटुंबात पाण्यात मृत्यू आहे, आधीचं कुटुंब धरून दोन झाली, म्हणून बहुधा घातक. तिसरी म्हणत होती, आता वेगवेगळी तीन कुटुंबं झाली, म्हणून घातकच. छोटीच्या अहवालाने या तिघींच्या खांद्यावर मान टाकली होती आणि लवकरच छोटीही चौथं कुटुंब म्हणून तिथे जाऊन बसणार होती.

"पुस्तकातलं उदाहरण आहे हे," होयबा माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "हे जनुक पोहतानाच दगा देतं. तीन कुटुंबं, तिन्हीत बुडून मृत्यू. याहून स्वच्छ काय असतं?"

"घर इतकं स्वच्छ दिसलं ना, की मी आधी पलंगाखाली बघते."

"तुझ्या घरी पाहुणे येतात का गं?" त्याने विचारलं आणि तो जेवायला गेला.

मी खरोखरच पलंगाखाली बघायला लागले. लाल बदलाच्या जवळच, त्याच जनुकात, छोटीला आणखी एक बदल होता. हिरवा, बिनकामाचा, कुणी ढुंकून बघणार नाही असा. लाखो लोकांच्या फाईलींत मी तो शोधला, एकातही सापडला नाही. मग त्या तीन नोंदींच्या तळटिपा उघडल्या. तिघींनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं की सोबत हाही निरुपद्रवी बदल आढळला. जगात कुठेच नसलेली जोडी, आणि या तीन अनोळखी कुटुंबांत नेमकी तीच. अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर एकाच जागी एकसारखे दोन तीळ नसतात. ही कुटुंबं एकमेकांची कुणीतरी लागत होती.

मग नोंदींतली ती ओळ मी नीट वाचली, जी आधी नुसती चाळली होती. पहिल्या लॅबच्या रुग्णाचा भाऊ पाण्यात गेला होता. दुसऱ्या लॅबच्या रुग्णाचा भाचा. तिसऱ्या लॅबच्या रुग्णाचा मुलगा. आणि आमच्या छोटीचा मावसभाऊ.

बुडालेली माणसं तीन नव्हतीच. तो एकच माणूस होता, बहिणीला भाऊ, मामाला भाचा आणि आईला मुलगा. आमचा बेडक्या एकदाच बुडाला होता आणि डेटाबेसने त्याला तीनदा बुडवून त्याची तीन कुटुंबं केली होती. छोटीच्या नोंदीसकट तो चौथ्यांदा बुडणार होता. आणि त्याची स्वतःची फाईल तर कुठेच नव्हती. त्याला हा बदल होता की नव्हता, हे कुणी कधी तपासलंच नव्हतं.

मग माझा सगळा संशय यंत्रावरून उठला आणि नातेवाइकांवर येऊन बसला. तिघांनी तीन लॅब गाठल्या होत्या, एकमेकांपासून चोरून. आमचं घर एकमेकांशी बोलणारं असतं तर ही माणसं एकाच लॅबमध्ये गेली असती, निदान तिथे एकमेकांची नावं तरी सांगितली असती, आणि ठिपका आजही पिवळा राहिला असता. अबोला यांनी धरायचा आणि डबी छोटीच्या छातीत बसवायची!

छोटीच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमचा अंदाज बरोबर असेलही. पण अंदाजावर मी ऑपरेशन थांबवू शकत नाही. त्या तिघांनी स्वतः सांगायला हवं, आणि तिघांचे हृदयाचे रिपोर्ट हवेत. ऑपरेशन परवा आहे."

मामा घड्याळं दुरुस्त करतो. फोनवर त्याच्या मागे कायम टिकटिक ऐकू येते.

"मामा, तू जनुकांची तपासणी करून घेतली होतीस?"

टिकटिक चालू राहिली. "कोण म्हणालं?"

"केली होतीस की नाही?"

"मोतीबिंदूच्या वेळी हृदय तपासलं. त्या डॉक्टरने विचारलं घरात कुणी गेलं का, मी भाच्याचं बोललो. मग घेतलं रक्त. पण माझं हृदय ठणठणीत आहे हां! पळवून बघितलं त्यांनी मला पट्ट्यावर."

"मग घरात कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझ्या मावशीला? की बाई, तूच बरोबर होतीस?"

"कशात बरोबर होती?"

पलीकडे घड्याळाला चावी दिल्याचा आवाज आला. मी वाट बघितली. शेवटी तो म्हणाला, "मोठे, तुझ्या छोटीसाठी काय लागेल तो कागद मी देतो. रिपोर्ट देतो. बाकीचं मला विचारू नकोस." आणि त्याने फोन ठेवला. मामा कधी आधी फोन ठेवत नाही.

मावशीची मुलगी, बेडक्याची धाकटी बहीण, बंदरावर क्रेन चालवते. उंच केबिनमध्ये एकटीच बसून खालच्यांना हातवारे करते म्हणून तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. तिला माझ्याहून जास्त संशय.

"तुला माझ्या कंपनीने फोन करायला लावलाय का?"

"अगं, मी तुझी बहीण आहे."

"म्हणूनच विचारतेय. बहिणींचे फोन येत नाहीत एरवी."

हे मात्र मला लागलं, कारण खरं होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. मग ती म्हणाली की एकदा उन्हात, उपाशीपोटी क्रेनवरून उतरताना तिला चक्कर आली होती, तेव्हा तपासणी झाली. हृदयात दोष निघाला नाही, ठिपका निघाला. कामावरून काढतील या भीतीने तिने तोंड शिवून घेतलं.

"छोटीला माझे रिपोर्ट दे," ती म्हणाली. "पण आईला तू विचार. मी विचारणार नाही. दादाचा विषय काढला की ती दोन-दोन दिवस बोलत नाही माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मावशीकडे गेलो. मावशी पडदे शिवते. तिसऱ्या मजल्यावरची तिची खोली दुसऱ्यांच्या खिडक्यांच्या पडद्यांनी भरलेली असते. दाराच्या भोकातून तिने आम्हाला बघितलं, साखळी तशीच ठेवून दार फटीएवढं उघडलं.

"दोघी एकदम? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, मावशी. दार तर उघड."

साखळी निघाली. मावशीने खुर्चीवरचा कापडाचा ढीग उचलला, आम्हाला बसवलं आणि स्वतः मशीनसमोर बसली, पाठ अर्धी आमच्याकडे करून. मी बोलायला सुरुवात केली. बदल, ठिपका, दोन तीळ, तीन लॅब, भाऊ, भाचा, मुलगा. मी साक्षीदाराला पेचात पकडल्यासारखी बोलत होते, आणि मला त्यात थोडी मजाही येत होती, हे आता लिहिताना लाज वाटते.

"मी नाही केली कसली तपासणी," मावशी म्हणाली.

"तिसऱ्या नोंदीतली रुग्ण सत्तरीतली बाई आहे. जिचा मुलगा पाण्यात गेला."

"जगात मी एकटीच आहे का सत्तरीतली?"

"त्या दोन तिळांची तू एकटीच आहेस."

मशीन खडखडत थोडं चाललं आणि थांबलं. "केली. मग? माझं रक्त, माझी मर्जी."

"हृदय कसं आहे म्हणाले?"

मावशी मशीनवरचं कापड सरळ करायला लागली.

"मावशी, सत्तर वर्षं तो बदल घेऊन तू धडधाकट हिंडतेयस, हे त्या नोंदीत आलं असतं ना, तर ठिपका लाल झालाच नसता! लॅबने विचारलं असेल तुला, आणि तू रिपोर्ट दिला नसशील. का? खोट तुझ्याकडून पोराला गेली असं लोक म्हणतील म्हणून?"

"तू फार शहाणी आहेस, मोठे," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की माझी उलटतपासणी तिथेच संपली.

छोटी उठली आणि मावशीच्या मशीनशेजारी जमिनीवर जाऊन बसली. एवढी दांडगी मुलगी, गुडघे पोटाशी घेऊन.

"मावशी, उद्या माझ्या इथे डबी बसवणार आहेत," तिने गळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. "मग मला पाण्यात जाता येणार नाही. मला भांडायचं नाहीये. तू फक्त सांग. बसवून घेऊ?"

मावशीने सुईतला दोरा तोडला. परत ओवायला गेली. दोरा जाईना. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो झटकला.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"डबी नको बसवूस." मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "त्याच्या पायात बूट होते."

आम्हाला काही कळलं नाही.

"तुमच्या मामाने काढला त्याला पाण्याबाहेर. पायात बूट होते. लेस बांधलेल्या, दोन्ही बुटांच्या. पोहायला जाणारा माणूस बूट घालून जातो? मामा माझ्या घरात उभा राहून म्हणाला, हा पोहायला गेला नव्हता. मी त्याला म्हटलं, चालता हो."

छोटीने तोंडावर हात ठेवला. मावशी आता थांबत नव्हती.

"मग पोरीने लपवून ठेवलेला तपासणीचा कागद मला सापडला, तिच्यात ते जनुक निघालं होतं. पाण्यात हृदय बंद पडतं, असं त्यात होतं. मला वाटलं, देव पावला. काठाने चालत असेल, पाय घसरला असेल, पाण्यात पडला आणि हृदय बंद पडलं. बूट घालूनही माणूस काठाने चालतोच की! मग मी पण रक्त दिलं. माझ्यात निघू दे, माझ्याकडूनच त्याला गेलं असू दे, असं म्हणत होते मनात. निघालं. घरी येऊन सहा वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. आणि पुढच्या खेपेला डॉक्टर हसत हसत म्हणाला, आजी, तुमचं हृदय तर तरुण मुलीसारखं आहे, या बदलाने तुम्हाला काहीच केलेलं नाही. आनंदाची बातमी म्हणून सांगत होता तो मला."

इतके दिवस मी शोधत होते तो पुरावा माझ्या हातात होता आणि मला तो परत करावासा वाटत होता.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," मावशी म्हणाली. "कसलं ते आता आठवतही नाही. दुपारी त्याचा फोन आला. मी रागात होते. वाजू दिला. दोनदा वाजला."

छोटीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मावशीने तिच्या केसांवर हात ठेवला, पण फिरवला नाही, नुसता ठेवला.

मी बोलायला हवं होतं. संशय घेणं हा माझा धंदा, आणि आज तो एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडायला हवा होता. "मावशी," मी म्हटलं, "त्याला हा बदल होता की नाही हे कुणालाच माहीत नाही. बूट होते म्हणजे त्याने ठरवूनच केलं, हेही कुणाला माहीत नाही. मामालाही नाही. घसरलाही असेल. कळायला आता मार्ग नाही."

"माहीत नाही यावर माणूस जगतो का गं?"

"आमच्याकडे त्याला पिवळा म्हणतात," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. मावशीनेच मला पाणी दिलं. मग तिने कपाटातून आपले रिपोर्ट काढले आणि छोटीच्या हातात ठेवले.

ऑपरेशन थांबलं. तिघांचे कागद तिन्ही लॅबना गेले, तीन नोंदी जोडून एक कुटुंब केलं गेलं, आणि त्यात पहिल्यांदाच लिहिलं गेलं की बदल असलेली सत्तरीतली बाई निरोगी आहे. ठिपका पिवळा झाला. होयबाने तो बघून मला अर्धी बिस्किटं दिली. डॉक्टरांनी छोटीला तारा लावून पळवलं, आठवडाभर अंगावर यंत्र बांधून हिंडवलं. लांबलेलं अंतर पुन्हा दिसलं नाही. काठावर कुणीतरी हवं आणि अधूनमधून तपासणी हवी, एवढ्या अटीवर त्यांनी तिला पाण्यात जायची परवानगी दिली. शाळेनेही तिला परत बोलावलं.

आणि छोटी पाण्यात उतरेना. काठावर उभी राहून पोरांना शिकवायची आणि घरी यायची. "पिवळा आहे, ताई. हिरवा नाही," ती म्हणायची. मीच तिला शिकवलं होतं की रंगावर विश्वास ठेवायचा नसतो.

एका संध्याकाळी ती मावशीकडे निघाली, मीही गेले. या वेळी दाराला साखळी नव्हती. मावशी लांबलचक पडद्याला टीप घालत होती. छोटीने सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, शाळा काय म्हणाली, आणि पाण्याकडे बघितलं की कशी भीती वाटते तेही.

मावशीने टीप पूर्ण केली, कापड झटकलं आणि घडी घातली.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "तू जा. काठावर कुणाला तरी उभं कर आणि जा. आणि पाण्याबाहेर आलीस की टॉवेल घ्यायच्या आधी मला फोन कर."

"रोज?"

"रोज," मावशी म्हणाली. "मी उचलीन."